बांधावरचं चामडं

दौंड तालुक्यात केडगाव, खुटबाव, यवत या पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी दिसतात. गुऱ्हाळाचं जुनं गणित स्वयंपूर्ण होतं. चरकातून ऊस काढला की रस काहिलीत जायचा, उरलेलं चिपाड पटांगणात वाळत पडायचं आणि वाळलं की तेच चुलवाणात जायचं. उसाचा रस उसाच्याच जाळावर आटायचा. पुढे गुऱ्हाळं हंगामापुरती न राहता बारमाही झाली, पावसाळ्यात चिपाड वाळेना, जळण कमी पडू लागलं आणि चुलवाणाच्या तोंडाशी बाहेरून आणलेल्या मालाचे ढीग लागू लागले: प्लास्टिकचा कचरा, टायरचे तुकडे, चपला-बुटांची कात्रणं. त्या धुराबद्दल इथल्या गावांमधून वर्षानुवर्षं तक्रारी होत आल्या आहेत. या कात्रणांपैकी ज्याची एक बाजू दाणेदार, चामड्यासारखी दिसणारी आणि दुसरी बाजू कापडाची असते, त्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो. ते पीव्हीसीचं असेल तर जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी संयुगं बाहेर पडतात. पॉलियुरेथेनचं असेल तर त्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असतं. गुळाच्या काहिलीखाली जळणारी ही पट्टी म्हणजे आपण चामड्याला शोधलेल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी पर्यायाचा शेवटचा मुक्काम आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर वनस्पतीपासून केलेल्या चामड्याची चर्चा वाढली आहे. अननसाची पानं, निवडुंग, द्राक्षाचा चोथा, केळीचे खांब, देवळातलं निर्माल्य, आंब्याचा गर अशा नाना गोष्टींपासून चामड्यासारखी शीट तयार होते आणि तिच्या पर्स, पाकिटं, बूट विकले जातात. या मालाची जाहिरात नेहमी एकाच बाजूने होते: जनावर वाचलं. ही बाजू खोटी नाही, पण अपुरी आहे. जगातली बहुतेक कातडी मांस आणि दूध यांच्या धंद्यातून मागाहून येतात. नुसत्या कातड्यासाठी गाय-म्हैस सहसा कोणी पाळत नाही. २०१९-२०च्या सुमारास अमेरिकेत कातड्यांचे भाव इतके पडले की लाखो कातडी कमावण्याऐवजी फेकून द्यावी लागली, आणि तरीही जनावरांची कत्तल कमी झाली नाही. म्हणजे एखाद्याने केळीच्या चामड्याची पर्स घेतली म्हणून गोठ्यातलं चित्र लगेच बदलत नाही. दुकानाच्या फळीवर ती पर्स ज्या मालाची जागा घेते तो माल बहुतेक वेळा रेक्झिनचा असतो. शाळेचं दप्तर, लॅपटॉपची बॅग, सोफ्याचं कव्हर, बायकांची पर्स, सणासुदीचे बूट या सगळ्या ठिकाणी रेक्झिनने चामड्याला केव्हाच हटवलं आहे. वनस्पतीच्या चामड्याची खरी लढत म्हणून रेक्झिनशी आहे. हे एकदा मान्य केलं की त्याला विचारायचे प्रश्न बदलतात. त्यात वनस्पती किती टक्के, हा प्रश्न मागे पडतो. ती वनस्पती कशाने बांधलेली आहे आणि वापर संपल्यावर त्या वस्तूचं काय होणार, हे प्रश्न पुढे येतात.

हे समजायला खऱ्या चामड्याकडे आधी बघावं लागतं. जनावराच्या कातडीत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांत तिन्ही दिशांनी गुंतलेले असतात. ही वीण जन्मजात असते, माणसाला ती करावी लागत नाही. माणसाला करायचं असतं ते एवढंच की ती कुजू नये, वाळून लाकूड होऊ नये आणि भिजल्यावर लिबलिबीत होऊ नये. कातडी कमावणं म्हणजे हेच, आणि हे काम आपल्याकडे शतकानुशतकं वनस्पतींनीच केलं. बाभळीची साल, हिरड्याची फळं आणि तरवडाची साल ही कमावण्याची तीन जुनी साधनं. यांतली बाभूळ आणि तरवड दौंडशेजारच्या शिरूर तालुक्यात माळावर आणि बांधावर आपोआप उगवतात. हिरडा शेजारच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातले आदिवासी गोळा करतात. या सालींमध्ये आणि फळांमध्ये टॅनिन असतं. ते कोलॅजनच्या तंतूंना घट्ट धरतं, तंतूंमधल्या पाण्याची जागा घेतं आणि जिवाणूंना तिथे शिरकाव उरत नाही.

कोल्हापूरकडच्या पद्धतीत कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरवतात. केस सैल पडले की बोथट सुरीने खरवडून काढतात, आतल्या बाजूचा मांसाचा थर सोलतात, धुऊन चुना घालवतात. मग अख्ख्या कातड्याची शिवून पिशवी करतात, ती लाकडी चौकटीला टांगतात आणि आत कुटलेली बाभळीची साल, हिरड्याची पूड आणि पाणी भरतात. ते तपकिरी पाणी कातड्याच्या छिद्रांतून झिरपत खालच्या भांड्यात पडतं, खालून काढून पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरच्या टोकालाही तेवढंच पाणी लागतं. या सगळ्याला आठवडेच्या आठवडे जातात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल याच कमावणीवर उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमवर कमावलेलं असतं. ते मऊ असतं, सगळे रंग घेतं आणि उष्णता सोसतं. पण त्याच्या सांडपाण्याने कानपूरच्या जाजमऊचं नुकसान झालं, आणि तमिळनाडूतल्या वेल्लोर भागातल्या विहिरींचं काय झालं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या वेल्लोर निकालात नोंदलेलं आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्यात ठामपणे रुजलं ते चामड्याच्या कारखान्यांमुळे. म्हणून चामडं हा उपउत्पादनाचा सदुपयोग आहे, हा युक्तिवाद गोठ्यापर्यंत खरा आहे. टॅनरीच्या गटारापाशी तो थांबतो.

वनस्पतीकडे कोलॅजनची ती जन्मजात वीण नाही. तिच्याकडे सेल्युलोज आहे, आणि ते मजबूतही आहे, पण लांब धाग्यांच्या किंवा बारीक लगद्याच्या रूपात. त्यामुळे वनस्पतीचं चामडं करायचं म्हणजे तंतू मोकळे करायचे, त्यांची गादी किंवा लगदा करायचा, त्यात काहीतरी चिकट घालून तो पसरायचा, बहुतेक वेळा मागे कापडाचा आधार द्यायचा, वर पाणी अडवणारा थर द्यायचा आणि तापलेल्या रुळाखाली दाबून दाणेदार पोत उठवायचा. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे कितीही असोत, तिला आकार गुळामुळे येतो. इथेही चामडेपणा त्या चिकट घटकामुळे आणि वरच्या थरामुळे येतो. सगळी गोची तिथेच आहे. स्पेनच्या कार्मेन इहोसा १९९०च्या दशकात चामडे उद्योगाच्या सल्लागार म्हणून फिलिपिन्सला गेल्या, तिथल्या टॅनऱ्यांचं प्रदूषण पाहून दुसऱ्या वाटेने विचार करू लागल्या आणि त्यातून अननसाच्या पानांच्या तंतूंचं ‘पिन्याटेक्स’ जन्मलं. त्याच्या गादीत ऐंशी टक्के अननसाचे तंतू आणि वीस टक्के पीएलए हे साखरेपासून होणारं प्लास्टिक असतं. पण टिकाऊपणासाठी वर जो थर देतात त्यात पॉलियुरेथेन येतं. मेक्सिकोच्या दोन तरुणांनी २०१९ साली निवडुंगाचं ‘डेसेर्टो’ बाजारात आणलं. जर्मनीत फ्रायबर्ग इथल्या फिल्क या संस्थेने २०२१ साली चामडं, कृत्रिम चामडं आणि असे नवे पर्याय शेजारी ठेवून तपासले. सगळ्या गुणांमध्ये एकत्रितपणे चामड्याची बरोबरी करणारा एकही पर्याय त्यांना मिळाला नाही. वनस्पतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक नमुन्यांत पॉलियुरेथेन निघालं, आणि निवडुंगाच्या तपासलेल्या नमुन्यात वापरावर बंधनं असलेली काही रसायनंही.

या निष्कर्षाचा आधार घेऊन वनस्पतीचं चामडं ही निव्वळ धूळफेक आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते अर्धंच वाचतात असं मला वाटतं. त्या तपासणीने सिद्ध केलं ते इतकंच की पॉलियुरेथेनवर बांधलेलं निवडुंगाचं चामडं हा रेक्झिनचाच एक प्रकार आहे, त्यात भर म्हणून वनस्पतीची भुकटी घातलेली. असा माल दौंडच्या चुलवाणात गेला तर तोच विषारी धूर काढेल, हे मान्यच करायला हवं. पण प्लास्टिकशिवाय बांधणी करता येत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. केरळमध्ये ‘मलाई’ नावाचा पदार्थ तयार होतो. नारळाच्या उद्योगात वाया जाणारं शहाळ्या-नारळाचं पाणी निर्जंतुक करून त्यात जिवाणू सोडतात. ते दोनेक आठवड्यांत पाण्यावर सेल्युलोजची जाड साय धरतात. ती साय कुटून त्यात केळीचे, घायपाताचे तंतू आणि नैसर्गिक डिंक घालून शीट ओततात. त्यात पेट्रोलियमचं काही नसतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये नैसर्गिक रबर, वनस्पती तेलं आणि शेतीतला भुसा यांपासून ‘मिरम’ तयार झालं, तेही प्लास्टिकविना. आणि खुद्द रेक्झिनचा इतिहास पाहिला तर इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे कापसापासूनच केलेल्या पदार्थाचा, थर देऊन बनत असे. पीव्हीसी त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतर शिरलं, कारण ते स्वस्त पडलं आणि नायट्रोसेल्युलोजसारखं भडकन पेट घेत नव्हतं. तेव्हा बांधणीचा पदार्थ बदलता येतो, एकदा बदललेलाही आहे.

भारतात हा प्रयत्न चामड्याच्या विरोधकांपुरता मर्यादित नाही. १९४८ साली चेन्नईत स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था ही देशातल्या चामडे उद्योगाची प्रमुख प्रयोगशाळा. तिनेच आंब्याच्या गरापासून चामड्यासारखा पदार्थ विकसित केला आणि मुंबईच्या ‘आमाती ग्रीन’ या कंपनीबरोबर तो बाजाराकडे नेण्याचं काम हाती घेतलं. कोलकात्याच्या ‘बनोफी’ या कंपनीने केळीच्या टाकाऊ खांबांपासून चामडं केलं आणि २०२३ साली हल्ट पुरस्कार मिळवला. कानपूरच्या ‘फूल’ या कंपनीने देवळांतल्या निर्माल्यावर वाढणाऱ्या बुरशीतून ‘फ्लेदर’ तयार केलं. टॅनऱ्यांच्या शहरातच हे घडावं याला अर्थ आहे. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या महागणपतीपुढे रोज पडणारा फुलांचा ढीग पाहिला तर हा प्रयोग आपल्याला परका वाटू नये.

आता प्रश्न कच्च्या मालाचा. शिरूर-दौंड म्हटलं की पहिलं नाव उसाचं निघतं, आणि उसाच्या चिपाडापासून चामडं ही कल्पना ऐकायला फार आकर्षक आहे. मला ती इथे चुकीची वाटते. कारखान्यातलं चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. गुऱ्हाळातलं चिपाड चुलवाणात जातं. उद्या कोणी चांगला भाव देऊन गुऱ्हाळाचं चिपाड उचललं तर त्याच्या जागी काय जळेल, ते सुरुवातीला सांगितलंच आहे. एका बाजूला हिरवी पर्स आणि दुसऱ्या बाजूला जास्तीच्या प्लास्टिकचा धूर, असा तो व्यवहार होईल. पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचंही तसंच. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे कृषी खात्याने आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने शेतकऱ्यांना सांगितलं ते जमिनीतला सेंद्रिय कर्ब टिकावा म्हणून. खारवट, पाण्याने थकलेल्या जमिनीतून तेही काढून न्यायचं म्हणजे शेताचं देणं वाढवायचं. टाकाऊ म्हणून कोणतीही वस्तू उचलण्याआधी ती आज कुठे जाते आणि ती गेल्यावर तिची जागा कोण घेतं, एवढं तपासलं पाहिजे. वनस्पतीच्या चामड्याच्या कैवाऱ्यांनी ही तपासणी मनापासून केलेली मला फारशी दिसत नाही.

उसाची खरी जागा दुसरीकडे आहे: बांधणीच्या पदार्थात. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए करता येतं. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरीला असं जैवप्लास्टिक करणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. पीएलए उकिरड्यावर आपोआप कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपासचं तापमान राखणारं औद्योगिक कंपोस्ट लागतं, आणि ते एकटं असेल तर ठिसूळही असतं. पण त्यात क्लोरीन नाही आणि त्याचा कार्बन जमिनीखालच्या तेलातून आलेला नाही. घोडगंगा, भीमा-पाटस, आलेगाव असे साखर कारखाने ज्या टापूत उभे राहिले, त्या टापूने साखरेचा भाव, इथेनॉलचा भाव यांच्या पलीकडचा साखरेचा उपयोग म्हणून याकडे बघायला हवं.

तंतूंसाठी मात्र इथे उसाहून चांगली पिकं आहेत. उजनीच्या फुगवट्यावर, दौंडच्या पूर्व कडेपासून इंदापूर आणि करमाळ्याच्या कंदरपर्यंत केळी पसरली आहे. केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरवला की माणसाच्या मांडीएवढा जाड, पाण्याने भरलेला खांब शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो. तो जळत नाही, जनावरं थोडाच खातात, कुजायला वेळ घेतो, आणि बागेतून बाहेर काढायला मजुरी लागते. हा खरा टाकाऊ माल. तो उभा चिरून त्याचे सोपट वेगळे करायचे आणि रास्पाडोर यंत्राच्या फिरत्या पात्यांखाली घालायचे: गर आणि पाणी एका बाजूला गळतं, हातात लांब, चकचकीत, फिकट सोनेरी धागे येतात. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केळीच्या तंतूंवर आणि सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण वेगळे करण्यावर बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे ज्ञान परदेशातून आणायची गरज नाही. डाळिंबाची साल हा दुसरा माल. दाणे काढणाऱ्या उद्योगात सालीचे ढीग उरतात, आणि ती टॅनिनने भरलेली असते. रंगासाठी आणि कमावण्यासाठी दोन्हीकडे ती चालते. तिसरा घायपात. बांधावर काटेरी कुंपण म्हणून लावलेलं हे झाड पाणी मागत नाही, आणि त्याच्या पानांचा वाख काढून दोर वळण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे.

निवडुंगाबद्दल वेगळं बोललं पाहिजे. मेक्सिकोत निवडुंगाची शेती चामड्यासाठी होते म्हणून शिरूरच्या केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईसारख्या तहानलेल्या गावांनी एकदम तीच धरावी, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण दौंडच्या वेशीवर उरुळीकांचनला, मणिभाई देसाईंनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफने काटेरहित निवडुंगावर चारा म्हणून काम केलं आहे. संकरित गाईंचा प्रसार करणाऱ्या याच संस्थेला दुष्काळात त्या गाईंना ओला चारा कुठून आणायचा, हा प्रश्न भेडसावत होता. केंद्राच्या भूसंसाधन विभागानेही २०२२पासून पडीक जमिनीवर निवडुंग लावण्याला चालना दिली. ज्या माळावर दुसरं काही येत नाही तिथे निवडुंग आधी चारा म्हणून लावायचा, आणि जून झालेल्या पात्यांना दुसरं गिऱ्हाईक म्हणून चामडं असावं, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. चामडं विकलं गेलं नाही तरी जनावराच्या दावणीत काहीतरी पडतं. शेतकऱ्याने एका फॅशनवर शेत पणाला लावू नये.

टिकाऊपणाचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो खोटा नाही. प्लास्टिकशिवाय केलेली शीट सतत ओली राहिली तर फुगते, घडीवर तडकते, आणि चामड्याच्या तळाइतकी झीज सोसत नाही. पखवाज, संबळ, ढोलकी यांना कातड्याशिवाय जो आवाज येत नाही तो केळीच्या खांबातून येणार नाही, आणि येण्याची गरजही नाही. चपलेचा तळ, घोड्याचं खोगीर, कामगाराचे जाड बूट या ठिकाणी सालीवर कमावलेलं कातडंच योग्य आहे. मेलेल्या जनावराचं कातडं माळावर कुजू देण्यापेक्षा बाभळीच्या सालीत कमावणं केव्हाही चांगलं. पण तुलना रेक्झिनशी करायची ठरवल्यावर आक्षेपाची धार बोथट होते. पॉलियुरेथेनचं रेक्झिन आपल्या दमट पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने आतून तुटतं आणि दोन-चार वर्षांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. ज्याच्या घरी सोफा आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पाकीट, वहीचं आणि पुस्तकाचं आवरण, चष्म्याचं घर, कागदपत्रांची फाईल, पर्स, खुर्चीची पाठ या वस्तूंना जितकी ताकद लागते तितकी केळी-घायपाताची शीट देऊ शकते. किमतीचं म्हणाल तर रेक्झिन किलोमीटरच्या हिशेबाने गुंडाळलं जातं, त्याच्याशी आज कोणीही भावात लढू शकणार नाही. पण त्याचा भाव कमी दिसतो कारण चुलवाणातला धूर कोणाच्या बिलात येत नाही. वेल्लोरच्या निकालातलं तत्त्व टॅनऱ्यांना लागलं, तेच कृत्रिम चामड्याच्या कचऱ्याला लावलं, म्हणजे ज्याने विकलं त्याने तो परत गोळा करण्याचा खर्च उचलावा असं ठरलं, तर दोन भावांमधलं अंतर बरंच कमी होईल. दरम्यान वनस्पतीचं चामडं विकणाऱ्यांवरही एक बंधन हवं: शीटमध्ये तंतू किती, बांधणी कशाची, वरचा थर कशाचा आणि मागचं कापड कोणतं, हे वजनाच्या टक्क्यांत मालावर छापलेलं असलं पाहिजे.

राहिला तो सर्वांत जड आक्षेप: चामड्यावर पोट असलेल्या माणसांचं काय. महाराष्ट्रात कातडी ओढणं, कमावणं, शिवणं ही कामं जातींना वाटून दिलेली होती. ढोर समाजाने कमवायचं, चर्मकार समाजाने शिवायचं, मेलेलं ढोर ओढायचं महारांनी. कौशल्य अस्सल होतं, पण ते सक्तीच्या आणि अस्पृश्यतेच्या कुंपणात कोंडलेलं होतं. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ला त्याच्याजवळच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला आले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा, असं आपल्या लोकांना सांगितलं. त्या आवाहनाला शंभर वर्षं होत आली. २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा राज्यात लागू झाल्यानंतर कातड्याचा पुरवठा आटला आणि उरल्यासुरल्या कारागिरांच्या अडचणी आणखी वाढल्या. अशा वेळी वनस्पतीचं चामडं त्या माणसांच्या हातचं काम काढून घेईल, ही भीती रास्त आहे. रेक्झिनने ते आधीच काढून घेतलं आहे, हेही तितकंच खरं. रेक्झिनचा माल मोठ्या कारखान्यांत वेल्डिंगने आणि डिंकाने जोडला जातो. वनस्पतीची शीट जाडीला एकसारखी नसते, ताणाला दिशा धरते, कडा दुमडून हाताने शिवावी लागते. रापीने कापणारा, आरीने भोक पाडणारा, कुठे टाका घट्ट आणि कुठे सैल घालायचा हे बोटांना ठाऊक असणारा माणूस तिला लागतो. ही विद्या ज्यांच्याकडे आहे त्यांना मजूर म्हणून न बोलावता भागीदार म्हणून बोलावलं, तर घाण, दुर्गंधी आणि जातीचा शिक्का मागे टाकून फक्त कौशल्य पुढे नेण्याची ही संधी आहे. तसं झालं नाही आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीने शेतकऱ्याकडून खांब फुकट उचलून, कारागिराला नगावर पैसे देऊन महागडी पर्स विकली, तर वनस्पती असो की कातडं, व्यवहार जुनाच राहील.

यंत्रांसाठी दूर जायचं कारण नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. खेड्यातल्या मुलांनी हाताने वस्तू बनवत शिकावं हे त्याचं सूत्र, आणि अमेरिकेतल्या एमआयटीने आपली फॅब लॅबची कल्पना देशाबाहेर अगदी सुरुवातीला जिथे उतरवली, ती जागा हीच. रास्पाडोर हे काही गूढ यंत्र नाही: एक मोटर, एक ढोल, त्यावर बोथट पाती आणि बोटं आत जाऊ नयेत असं झाकण. शीट दाबायला तापणाऱ्या दोन पट्ट्या आणि जॅक पुरतो. सुरुवातीला मोठा कारखाना नकोच. केळीच्या चार गावांमध्ये एक रास्पाडोर, सालीचा काढा करायला काहिल, शीट ओतायच्या चौकटी, दाबयंत्र आणि शिवणारे हात एवढ्यावर वहीची आवरणं आणि पाकिटं निघू शकतात. तालुक्यातल्या शाळा, पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्या दरवर्षी हजारो फायली, डायऱ्या, भेटवस्तू रेक्झिनच्या घेतात. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ हे चर्मकारांसाठीच स्थापन झालेलं आहे. त्याच्या प्रशिक्षणात आणि कर्जात ही नवी शीट बसू शकते. जेजुरीच्या प्रकल्पातलं पीएलए, माटुंग्याचं तंतूंचं ज्ञान, उरुळीकांचनचा निवडुंग, पाबळचं यंत्र आणि उजनीच्या काठची केळी ही सगळी एका दिवसाच्या एसटी प्रवासात येतात. पहिली ऑर्डर कोणत्या पतसंस्थेने द्यायची आणि खांबाला टनामागे शेतकऱ्याला किती द्यायचं, हे आता ठरवायचं आहे.